चुकल्याचा एक

तिकडे शुक्रवारची संध्याकाळ कलते
तेव्हा सेलूत शनिवारची सकाळची शाळा भरायची असते.
साडेसहाला नळ, साडेसहालाच सामना.
मी हंडा लावते आणि लॅपटॉप उघडते.
रिजायना नावाच्या गावात हिरव्या सदऱ्यांची माणसं
पोखरलेली कलिंगडं डोक्यावर घालून ओरडत असतात,
आणि मी प्रत्येक लाथेला एक आकडा देते.
संभाजीनगरची कंपनी लाथेमागे दीड रुपया देते.

खय्यूम सर पेपर न्यायला येतात.
कपाळावरचा चष्मा खाली घेतात.
"काय मारायलाय गं हा?"
"दोन खांबांमधून घालायचाय, सर. गेला तर तीन."

गेला नाही.
डाव्या खांबाला वळसा घालून चेंडू
मागच्या वीस यार्डांच्या पट्ट्यात उतरला.
तिथं एकटाच उभा होता एक जण.
त्यानं झेलला, समोरून येणारे सात धिप्पाड पाहिले
आणि निमूट गुडघा टेकला.
मी बटण दाबलं. एक.

"एक कुणाला?"
"मारणाऱ्याला."
"चुकला की तो!"
"हो."
"मग कशाचा? चुकल्याचा?"

सर उंबऱ्यावरच बसले, पेपरची घडी तशीच.
मी सांगितलं, चेंडू त्यांच्या घरात गेला ना,
त्यांना तो बाहेर काढता आला नाही, म्हणून.
पळत काढावा, नाहीतर
लाथेनंच परत भिरकवावा, तेही चालतं.
मग हे पुन्हा तिकडं मारतात, ते पुन्हा इकडं.
सर हसले. "म्हणजे आमच्या गल्लीतला कचरा.
झाडून तुझ्या दारात, तू झाडून माझ्या दारात."

मग बराच वेळ गप्प.
नळ खाकरत होता.
"मानवतची फायनल," म्हणाले, "नोकरीचं तिसरं वर्ष.
बरोबरी. शेवटची चढाई.
पोरगं कुणालाच शिवलं नाही,
नुसता एक पाय बोनसच्या रेषेपल्याड, दुसरा हवेत.
तो हवेतला पाय मी पाहिला. मीच एकट्यानं.
दिला एक.
लोक पाथरीच्या एस्टीपर्यंत मागं पळाले माझ्या.
शिट्टी तिथंच पडली, चांगली पितळेची होती."

मला परभणीचं पोलीस मैदान आठवलं.
मी अनवाणी धावले होते,
आणि सर दोरीपलीकडे
माझी चप्पल हातात धरून उभे होते, दोन तास.
यादी लागली. एका गुणानं राहिले.
परतीच्या गाडीत त्यांनी उकडलेल्या शेंगा घेतल्या,
सोलून सोलून मला दिल्या
आणि त्या एकाबद्दल
बोर्डी आलं तरी, सेलू आलं तरी, काही बोलले नाहीत.

"नियम बदलायलेत म्हणे, सर.
चेंडू नुसताच पट्ट्याबाहेर निघून गेला तर आता शून्य.
कुणीतरी तिथं असायला हवं,
त्यानं तो हातात घ्यायला हवा,
आणि त्याला निघता यायला नको. तरच एक."

"मग आधीच्यांचे काढून घेणार?"
"नाही."
"मग ठीक."

सर उठले. गुडघा कटकन वाजला.
तेवढ्यात पडद्यावर पुन्हा एक उंच लाथ,
पुन्हा खांबाबाहेरून, पुन्हा तो पट्टा,
पुन्हा कुणीतरी तिथं अडकलेलं.
पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेल्या तिथल्या पंचानं
एक हात सरळ वर केला, एक बोट.
मी बटणाकडे बोट नेलं
आणि सहज मागं पाहिलं.

उंबऱ्यात, काखेत पेपर,
खय्यूम सरांचाही हात वर होता.
एक बोट.
मानेची शीर ताठ, ओठ मुडपलेले,
नसलेल्या शिट्टीवर.

गल्लीत एक शेळी, दोन हंडे,
शाळेला निघालेलं एक पोर.
कुणी मागं पळत आलं नाही.